जाक योझेफ

जाक योझेफ (जन्म : कोनिग्जबर्ग, ६ सप्टेंबर १८६५, मृत्यू : बर्लिन, १२ फेब्रुवारी १९३४) हे जर्मन शल्यचिकित्सक होते. आधुनिक सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या, विशेषतः नाकाचा आकार सुधारण्याच्या शस्त्रक्रियेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. त्यांच्या या क्षेत्रातील कामाची सुरुवात मात्र नाकापासून झाली नाही. १८९६ साली त्यांनी एका शाळकरी मुलाच्या पुढे आलेल्या कानांवर शस्त्रक्रिया केली. ती यशस्वी झाली, पण तिच्यामुळे त्यांना रुग्णालयातील नोकरी गमवावी लागली. चारचौघांच्या चेष्टेमुळे होणारे दुःख हे वैद्यकाने दखल घ्यावी असे दुःख आहे, हे योझेफ यांचे म्हणणे त्या काळी वादग्रस्त होते. पुढील अडतीस वर्षांचे त्यांचे काम याच म्हणण्याच्या आधारे उभे राहिले.

जन्म आणि शिक्षण

योझेफ यांचा जन्म पूर्व प्रशियातील कोनिग्जबर्ग (आताचे रशियातील कालिनिनग्राद) येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव याकोब लेविन योझेफ. त्यांचे वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. याकोब यांनी वैद्यकाचे शिक्षण मुख्यतः बर्लिन येथे घेतले आणि १८९० साली लाइपत्सिग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी याकोब हे नाव सोडून जाक हे नाव धारण केले.

त्या काळी जर्मन विद्यार्थी-मंडळांमध्ये तलवारीची द्वंद्वे खेळण्याची प्रथा होती. त्यांत चेहऱ्यावर पडलेले व्रण पौरुषाचे आणि प्रतिष्ठेचे लक्षण मानले जात. योझेफ यांच्या चेहऱ्यावरही असे व्रण होते. एकाच समाजात चेहऱ्यावरची एक खूण मानाची आणि दुसरी उपहासाची कशी ठरते, याचा अनुभव त्यांना विद्यार्थिदशेतच आला होता. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून बर्लिनमध्ये ज्यूविरोधी राजकारणाने उघड रूप घेतले होते. ज्यू माणसाचे नाक हा तेथील व्यंगचित्रांचा नेहमीचा विषय होता.

शिक्षण संपल्यावर योझेफ यांनी काही काळ बर्लिनमध्ये सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय केला. १८९२ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाच्या अस्थिव्यंग रुग्णालयात यूलिउस वोल्फ यांचे सहायक झाले. हाडाची घडण त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे बदलत जाते, हा नियम वोल्फ यांनी मांडला असून तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. वाकडे पाय व पाठीच्या कण्याचे विकार अशा व्यंगांचे उपचार येथे होत. शरीराचा आकार शस्त्राने बदलता येतो आणि बदललेला आकार टिकवता येतो, हे योझेफ येथे रोज पाहत होते.

कानावरील शस्त्रक्रियेची पूर्वपीठिका

बाह्यकर्णाच्या दुरुस्तीचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. फाटलेली किंवा तुटलेली कानाची पाळी शेजारच्या त्वचेने जोडण्याच्या पद्धती तेथे दिल्या आहेत. युरोपात बर्लिनचे शल्यचिकित्सक योहान फ्रीडरिख डीफेनबाख यांनी १८४५ मध्ये कानाच्या दुरुस्तीची एक पद्धत नोंदवली. कानामागील त्वचेचा भाग काढून कानाची कूर्चा कवटीच्या हाडावरील आवरणाला टाक्यांनी जोडण्याची ही पद्धत होती. ती इजा झालेल्या कानासाठी होती. जन्मतः पुढे आलेल्या, पण निरोगी असलेल्या कानांवरील पहिली ज्ञात शस्त्रक्रिया न्यू यॉर्क येथे एडवर्ड टॅल्बट इली यांनी केली. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तान्तातील रुग्ण हा सोबत्यांच्या टिंगलीला कंटाळलेला बारा वर्षांचा मुलगा होता.

सुपासारखे पुढे आलेले कान हा रोग नाही. त्याने ऐकण्यात बाधा येत नाही आणि वेदनाही होत नाही. त्याची मुख्य कारणे दोन आहेत. कानाच्या वरच्या भागातील आतली घडी नीट न पडल्यामुळे कडा पुढे झुकते किंवा कानाच्या मध्यावरील वाटीसारखा भाग प्रमाणापेक्षा खोल असल्यामुळे संपूर्ण कान डोक्यापासून दूर ढकलला जातो. पुष्कळदा ही दोन्ही कारणे एकत्र असतात. मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत कानाची वाढ बरीचशी पूर्ण झालेली असते. डोके आणि चेहरा मात्र अजून लहान असतो. त्यामुळे शाळेत जाण्याच्या वयातच कान सर्वांत मोठे दिसतात आणि चेष्टाही त्याच वयात अधिक होते.

१८९६ ची शस्त्रक्रिया

१८९६ मध्ये एक आई आपल्या सुमारे दहा वर्षांच्या मुलाला घेऊन योझेफ यांच्याकडे आली. मुलाचे कान मोठे व पुढे आलेले होते. वर्गातील मुले त्याला इतके चिडवीत की तो शाळेत जाण्यास तयार नव्हता. योझेफ यांना अशा शस्त्रक्रियेचा पूर्वानुभव नव्हता. त्यांनी उपलब्ध माहितीचा अभ्यास करून स्वतःची पद्धत ठरवली, दोन्ही कानांचा आकार कमी केला आणि ते डोक्याच्या जवळ आणून बसवले. जखमा भरून आल्या आणि मुलाचे कान इतर मुलांसारखे दिसू लागले.

योझेफ यांनी हा वृत्तान्त बर्लिन वैद्यकीय संस्थेपुढे मांडला. त्याच्या शीर्षकात गाढवाच्या कानांचा उल्लेख होता. रुग्णाला ज्या शब्दाने हिणवले जाते तोच शब्द शास्त्रीय निवेदनात यावा, हे आजच्या वाचकाला खटकण्यासारखे आहे, पण त्या काळच्या वैद्यकीय लेखनात अशी नावे रूढ होती.

वोल्फ यांनी योझेफ यांना सेवेतून कमी केले. शस्त्रक्रिया फसली अशी तक्रार नव्हती. आक्षेप होता तो केवळ रूपासाठी सुरी हाती घेण्याला. हा आक्षेप समजून घेताना त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. ईथरच्या बधिरीकरणाचा वापर १८४६ पासून आणि जंतुनाशक पद्धतीचा वापर १८६७ पासून सुरू झाला असला, तरी प्रतिजैविके अस्तित्वात नव्हती. साध्या जखमेतील संसर्गही जिवावर बेतू शकत असे. आजार नसलेल्या मुलाला असा धोका पत्करायला लावणे हे अनेक शल्यचिकित्सकांना वैद्यकाच्या नीतीशी विसंगत वाटे. शिवाय प्रतिष्ठित रुग्णालयांच्या दृष्टीने रूप सुधारणे हे भोंदूंचे आणि सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्यांचे क्षेत्र होते. योझेफ यांच्या दृष्टीने प्रश्न वेगळा होता. मूल शाळा सोडते, लोकांत मिसळणे टाळते, तेव्हा त्याचे नुकसान प्रत्यक्ष झालेले असते. ते एका शस्त्रक्रियेने थांबवता येत असेल तर तिला चैन म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

नोकरी सुटल्यावर योझेफ यांनी बर्लिनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

नाकावरील शस्त्रक्रिया

कानांच्या शस्त्रक्रियेची वार्ता ऐकून १८९८ च्या सुरुवातीस एक तरुण जमीनदार योझेफ यांच्याकडे आला. त्याचे वय अठ्ठावीस वर्षे होते. त्याचे नाक इतके मोठे होते की तो कोठेही गेला तरी लोक त्याच्याकडे वळून पाहत. त्यामुळे तो खिन्न राहत असे व लोकांत जाणे टाळत असे. कान लहान करता येतात तर नाक का नाही, असा त्याचा प्रश्न होता. योझेफ यांनी आधी शवावर ही शस्त्रक्रिया करून पाहिली आणि मग रुग्णावर केली. बाहेरून छेद घेऊन त्यांनी नाकाचे हाड, कूर्चा आणि त्वचा या तिन्ही घटकांचे प्रमाण कमी केले.

११ मे १८९८ रोजी त्यांनी बर्लिन वैद्यकीय संस्थेपुढे हा रुग्णवृत्तान्त सादर केला. शस्त्रक्रियेच्या तंत्राइतकेच महत्त्व त्यांनी रुग्णाच्या मनःस्थितीतील बदलाला दिले. हा माणूस आता लोकांत निःसंकोच वावरत होता आणि त्याचे औदासीन्य दूर झाले होते. त्याला कोणी सुंदर म्हणावे हा शस्त्रक्रियेचा हेतू नव्हता. आपल्याकडे कोणी लक्ष देऊ नये एवढीच त्याची इच्छा होती, हे योझेफ यांनी स्पष्ट केले. दोन वर्षांपूर्वीच्या मुलाच्या बाबतीतही त्यांचा युक्तिवाद हाच होता. या वेळी मात्र त्यांना बडतर्फ करू शकेल असा वरिष्ठ नव्हता.

नाकाचा आकार शस्त्रक्रियेने बदलणारे योझेफ हे पहिले नव्हेत. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉन ऑर्लंडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या शेंड्यावर आणि १८९१ मध्ये नाकाच्या उंचवट्यावर नाकाच्या आतून शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले होते. योझेफ यांनी स्वतंत्रपणे आपली पद्धत विकसित केली. बाहेरच्या छेदाने व्रण राहतो आणि व्रण राहिला तर लोकांच्या नजरेतून सुटण्याचा हेतूच विफल होतो, हे त्यांच्या लक्षात आले. १९०४ मध्ये त्यांनी नाकाच्या आतून उंचवटा काढण्याच्या पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीत शल्यचिकित्सकाला हाड डोळ्यांनी फारसे दिसत नाही. बोटांच्या स्पर्शावरून हाडाचा अंदाज घेत काम करावे लागते. त्यासाठी योझेफ यांनी खास करवती, सुऱ्या आणि हाडावरील आवरण उचलण्याची हत्यारे तयार केली. त्यांपैकी काही आजही त्यांच्या नावाने ओळखली जातात.

शस्त्रक्रियेपूर्वी ते चेहऱ्याची छायाचित्रे आणि प्लास्टरचे साचे घेत, नाक, कपाळ व हनुवटी यांचे कोन मोजत आणि काय बदलायचे ते आधी ठरवत. बसलेले नाक उचलण्यासाठी ते हस्तिदंताचाही वापर करीत. बर्लिनच्या लोकांनी त्यांना नाक आणि योझेफ हे शब्द जोडून नोसेफ हे टोपणनाव दिले होते.

नाकाच्या संपूर्ण पुनर्रचनेची परंपरा बर्लिनला नवी नव्हती. तिचा एक धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. इंग्रजी सैन्याकडील कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याचे नाक नव्याने घडवले. याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात छापला गेला आणि ही पद्धत युरोपात भारतीय पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. बर्लिनचे कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये नाकाच्या पुनर्रचनेवर लिहिलेल्या ग्रंथात तिचा समावेश केला. डीफेनबाख हे ग्रेफे यांच्यानंतर त्यांच्या जागी आले. योझेफ यांनी तुटलेल्या नाकांच्या पुनर्रचनेचे जे काम केले, ते याच परंपरेतील होते. गमावलेले नाक परत देणे आणि असलेल्या नाकाचा आकार बदलणे या दोन कामांत वैद्यकाने आजवर काटेकोर भेद मानला होता. पहिले उपचार समजले जाई आणि दुसरे हौस. योझेफ ही दोन्ही कामे सारखीच महत्त्वाची मानत.

पहिले महायुद्ध

पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईत सैनिकांचे धड मातीआड सुरक्षित राही, पण डोके वर येई. त्यामुळे तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जबडा, नाक व गाल उडालेले हजारो सैनिक रुग्णालयांत दाखल झाले. त्यांचे प्राण वाचत होते, पण अशा चेहऱ्याने घरी परतण्याची त्यांना भीती वाटत होती. चेहरा लोकांना दाखवता न येणे हे खरोखरचे अपंगत्व आहे, हे आता सरकार आणि सैन्य यांनाही मान्य करावे लागले.

१९१६ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात चेहऱ्याच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला आणि योझेफ त्याचे प्रमुख झाले. कान-नाक-घसा विभागाचे संचालक अडोल्फ पासो हे होते. वीस वर्षांपूर्वी रूपासाठी शस्त्रक्रिया केली म्हणून ज्या विद्यापीठाच्या रुग्णालयातून त्यांना जावे लागले, त्याच विद्यापीठाने त्यांचे कौशल्य आता मागून घेतले. त्यांच्या रुग्णांपैकी मुस्तफा इपार हा तुर्की सैनिक सर्वाधिक प्रसिद्ध झाला. त्याच्या चेहऱ्याचा मधला भाग नष्ट झाला होता. योझेफ यांनी टप्प्याटप्प्याने अनेक शस्त्रक्रिया करून तो पुन्हा घडवला. त्याची आधीची व नंतरची छायाचित्रे वैद्यकीय जगतात दूरवर पोहोचली.

योझेफ यांच्या कामाने प्रभावित होऊन कैसर विल्हेल्म दुसरा याने त्यांना विद्यापीठातील अध्यासन देऊ केले होते, मात्र त्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची अट होती आणि योझेफ यांनी ती नाकारली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. पुढे युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना प्राध्यापक ही पदवी देण्यात आली. युद्ध संपल्यावर सैनिक रुग्णांची संख्या घटली आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस शारिटेमधील विभाग बंद झाला. योझेफ पुन्हा आपल्या खासगी रुग्णालयाकडे वळले.

ग्रंथ आणि शिष्य

१९२० च्या दशकात योझेफ यांची कीर्ती युरोप आणि अमेरिकेत पसरली. निरनिराळ्या देशांतील शल्यचिकित्सक त्यांच्या शस्त्रक्रिया पाहण्यासाठी बर्लिनला येत. योझेफ त्यासाठी शुल्क घेत, शस्त्रक्रिया चालू असताना फारसे बोलत नसत आणि आपल्या तंत्रातील बारकावे सहजासहजी उघड करीत नसत. पाहुण्यांना त्यांच्या हातांच्या हालचालींवरूनच शिकावे लागे. त्यांच्या या स्वभावाबद्दल शिष्यांनी पुढे तक्रारी केल्या, तसेच त्यांच्या हस्तकौशल्याची मुक्तकंठाने स्तुतीही केली. गुस्ताव ऑफरिख्ट आणि जोसेफ साफियन हे त्यांचे प्रमुख शिष्य. दोघांनीही न्यू यॉर्कमध्ये व्यवसाय केला आणि योझेफ यांची पद्धत अमेरिकेत रुजवली.

तंत्र गुप्त ठेवल्याचा आक्षेप त्यांच्या ग्रंथाने बराचसा दूर झाला. नाकाच्या व चेहऱ्याच्या इतर भागांच्या सुघटन शस्त्रक्रियेवरील त्यांचा जर्मन ग्रंथ लाइपत्सिग येथून १९२८ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागला आणि १९३१ मध्ये पूर्ण झाला. त्यात मोजमापे, आकृत्या, हत्यारे आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे विपुल आहेत. कानांच्या शस्त्रक्रियांनाही त्यात स्थान असून शेवटी स्तनांच्या शस्त्रक्रियेवर एक परिशिष्ट जोडले आहे. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्यू असल्याचे चेहऱ्यावरून ओळखू येते म्हणून त्रास सोसणारे अनेक जण योझेफ यांच्याकडे येत. अशा गरजू रुग्णांवर ते विनामूल्य शस्त्रक्रिया करीत, अशा आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. त्यांच्या कामाचे मूल्यमापन करताना पुढील काळातील अभ्यासकांनी येथे एक अवघड प्रश्न उपस्थित केला आहे. चेष्टा करणारा समाज तसाच ठेवून ज्याची चेष्टा होते त्याचा चेहरा बदलणे हा न्याय आहे की शरणागती, हा तो प्रश्न होय. हाच प्रश्न १८९६ मधील मुलाच्या बाबतीतही विचारता येतो. योझेफ यांच्यापुढे मात्र समाज कधीच रुग्ण म्हणून आला नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाचे दुःख आजच कमी करता येईल का, एवढेच त्यांना ठरवायचे असे.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत नाझी पक्ष सत्तेवर आला. एप्रिल १९३३ मध्ये ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक आरोग्यविमा योजनेतून वगळण्याचा हुकूम निघाला आणि विद्यापीठे व सरकारी रुग्णालये येथूनही त्यांना काढले जाऊ लागले. शाळांमधून वंशविज्ञानाच्या नावाखाली नाक, कान व कवटी यांच्या आकारावरून माणसांची प्रतवारी शिकवली जाऊ लागली. ज्या शहरात योझेफ यांनी चेहऱ्यामुळे कोणाचे आयुष्य अडू नये म्हणून काम केले, तेथेच चेहऱ्यावरून नागरिकत्वाची लायकी ठरवण्याची भाषा सुरू झाली.

१२ फेब्रुवारी १९३४ रोजी बर्लिन येथे हृदयविकाराच्या झटक्याने योझेफ यांचे निधन झाले. त्या वेळी ते अडुसष्ट वर्षांचे होते. बर्लिनच्या वायसेनझे भागातील ज्यू दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. पुढील काळात त्यांची कबर विस्मृतीत गेली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस जर्मन शल्यचिकित्सकांनी तिचा शोध घेतला आणि तेथे नवी स्मृतिशिला बसवण्यात आली.

वारसा

अमेरिकन शल्यचिकित्सक पॉल नॅटविग यांनी १९८२ मध्ये योझेफ यांचे चरित्र प्रसिद्ध केले. नाकाच्या आतून शस्त्रक्रिया करण्याच्या त्यांच्या पद्धतीत पुढे अनेक सुधारणा झाल्या, तरी विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात तीच प्रमाण मानली जात होती. शस्त्रक्रियेपूर्वी छायाचित्रे घेणे, चेहऱ्याची मोजमापे करणे आणि रुग्णाची अपेक्षा समजून घेणे हे आज सौंदर्य-शस्त्रक्रियेतील नेहमीचे टप्पे आहेत.

कानाच्या शस्त्रक्रियेतही पुढे मूलभूत बदल झाले. १९१० मध्ये अमेरिकेतील विल्यम लकेट यांनी कान पुढे येण्याचे मूळ त्याची आतली घडी न पडण्यात आहे हे दाखवले आणि ती घडी नव्याने निर्माण करण्याची पद्धत सांगितली. १९६३ मध्ये जॅक मुस्तार्दे यांनी कूर्चा न कापता, केवळ कायमच्या टाक्यांनी घडी पाडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही वापरली जाते. नवजात बाळाची कूर्चा मऊ असल्याने पहिल्या काही आठवड्यांत साचा बसवून शस्त्रक्रियेशिवायही कानाला आकार देता येतो. मोठ्या मुलांत ही शस्त्रक्रिया सामान्यतः पाच-सहा वर्षांच्या वयानंतर केली जाते. निर्णय घेताना मुलाची स्वतःची इच्छा आणि त्याला होणारा मानसिक त्रास विचारात घेणे आता डॉक्टरांचे कर्तव्य मानले जाते. १८९६ मध्ये योझेफ यांनी याच कारणावरून शस्त्रक्रिया केली होती.